नाशिकचे कातळकोरीव किल्ले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकची किंवा सटाण्याची एसटी धरणाऱ्यांपैकी मी एक. सोबत दर वेळी कुणीतरी नवीन असतं आणि प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. वाटेत, टाक्याच्या काठावर, उतरताना गुडघे दुखू लागल्यावर दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

कातळकोरीव किल्ला म्हणजे नेमकं काय?

डोंगराला बाहेरून दगड आणून बांधलेला तट म्हणजे बांधीव किल्ला. डोंगराचाच कातळ फोडून, पोखरून, तासून जो किल्ला केला तो कातळकोरीव. जिना कातळात, दरवाजा कातळात, पहारेकऱ्यांच्या देवड्या कातळात, पाण्याची टाकी कातळात. नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या गडांवर बांधकाम आणि कोरीवकाम दोन्ही दिसतं, पण किल्ल्याचा जीव कोरीवकामात असतो. तट ढासळला तरी किल्ला लढू शकतो. जिना आणि टाकी गेली तर तो नुसता डोंगर होतो.

एवढं चढून गेलो, वर तर काहीच नाही. बघायचं काय?

हा प्रश्न ऐकला की मी आधी त्या माणसाला खाली बसवतो आणि पाणी देतो. कारण तो थकलेला असतो आणि त्याच्या मनात रायगडाची बाजारपेठ असते किंवा जंजिऱ्याचे बुरूज असतात.

आपल्याकडे पाहायचं असतं ते खडकातून काय काढून टाकलं आहे ते. तुम्ही ज्या फटीतून वर आलात ती फट नव्हती, ती कुणीतरी केली. ज्या चौकोनी खड्ड्यात बेडूक ओरडतोय तो डोंगराने दिलेला नाही. सपाट कातळावर ओळीने गोल खळगे दिसतात ना, त्यात लाकडी खांब उभे होते. त्यावर छप्पर होतं, खाली माणसं निजत होती. लाकूड कुजलं, गवत उडून गेलं, खळगे राहिले. चार खळग्यांमध्ये उभं राहून चारी बाजूंना पाहिलं की घराचा आकार कळतो. एकदा ही नजर बसली की रिकामा वाटणारा माथा भरून येतो.

नाशिकमध्येच असे किल्ले इतके का?

खडकामुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. हे थर सारख्या कणखरपणाचे नाहीत. एक थर घट्ट, त्याखालचा ठिसूळ, पोकळ्यांनी भरलेला, मध्ये कधी लाल मातीचा पट्टा. ठिसूळ थर झिजून उतार होतो, घट्ट थर उभा कडा होऊन राहतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: उतार, कडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा आणि वर सपाट माथा. किल्ला बांधणाऱ्याला चारी बाजूंनी तट अर्धाअधिक आयताच मिळालेला. त्याला फक्त चढायची एक वाट करायची होती आणि ती आपल्या ताब्यात ठेवायची होती.

धोडप किल्ल्याची ती प्रसिद्ध भिंत याच गोष्टीचं दुसरं रूप. जमिनीच्या भेगेत लाव्हा घुसून घट्ट झाला, भोवतालचा नरम खडक झिजून गेला आणि भिंत उघडी पडली. वणीहून येताना ती दिसली की नवखी माणसं विचारतात, एवढी भिंत बांधली कुणी?

दुसरं कारण वाटा. कोकणातून देशावर येणारे घाट, सुरतेहून बागलाणातून (सटाण्याकडच्या भागातून) दक्षिणेत उतरणारा रस्ता, हे सगळं या पट्ट्यातून जातं. त्रिंगलवाडी आणि कावनई थळ घाटाच्या बाजूला, साल्हेर-मुल्हेर बागलाणात, अनकाई मनमाडजवळच्या खिंडीवर. १६६० च्या दशकात सुरतेहून औरंगाबादकडे जाणाऱ्या थेवनो या फ्रेंच प्रवाशाने अनकाईची नोंद वाटेतला मुक्काम म्हणूनच केली आहे.

सुरुंगाची दारू नसताना हे कोरलं कसं?

टाकी (म्हणजे छिन्नी), हातोडा, पाचर आणि पहार. पाथरवट आधी खडक वाचतो. बेसाल्ट थंड होताना त्याला सांधे, म्हणजे भेगा, पडतात, आणि त्या सांध्यांच्या बाजूने दगड सुटतो. जिथे सांधा नाही तिथे एका रेषेत खाचा घ्यायच्या, त्यात पाचरी ठोकायच्या आणि तुकडा उडवायचा. मग टाकीने बाजू तासायची. काम वरून खाली जातं, म्हणजे कारागीर नेहमी न फोडलेल्या दगडावर उभा असतो आणि परांची बांधावी लागत नाही. लेण्यांतही आधी छत, मग खांब, शेवटी जमीन.

या कामात लोहार पाथरवटाइतकाच महत्त्वाचा. काळ्या पाषाणावर टाकीची धार लवकर जाते. ती पुन्हा तापवायची, ठोकायची, पाणी पाजायचं. म्हणजे गडावर कातळ फुटत होता तोवर जवळच कुठेतरी भाता चालू होता, कोळसा चढत होता. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ म्हणताना आपण दगडाचा विचार करतो. टाकीने किती सोसलं असेल तेही एकदा मनात आणावं.

आणि फोडलेला दगड वाया जात नसे. टाक्यातून निघालेला दगड तटाला, जोत्याला लागायचा. बऱ्याच गडांवर टाकं आणि पडका तट जवळजवळ का असतात, त्याचं उत्तर यात आहे.

हे किल्ले शिवाजी महाराजांनी बांधले का?

बहुतेक किल्ले त्यांच्याही आधीचे. या भागात कातळ कोरायचा हात फार जुना आहे. पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावर, २४ लेणी आहेत आणि त्यांतली जुनी दोन हजार वर्षांच्या घरातली. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात लेणं केल्याचं सांगताना ‘इमा च पोढियो’ असंही म्हटलं आहे. पोढी म्हणजे पाण्याचं कोरीव टाकं. लेणं हा शब्द तर त्या लेखातून आपल्या बोलण्यात तसाच चालत आला. मला हे फार मोलाचं वाटतं: दान देताना राजघराण्यातला माणूस खोलीबरोबर पाण्याचं टाकंही अभिमानाने मोजतो.

पुढे यादवांचं राज्य याच परिसरात, सिन्नर-चांदवडच्या बाजूला उभं राहिलं आणि नंतर देवगिरीला गेलं. बागलाणात बागुल राजे साल्हेर-मुल्हेरच्या बळावर टिकून होते. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण घेतलं. त्र्यंबक आणि हरिहर शहाजीराजांकडून १६३६ मध्ये मोगलांकडे गेले होते. शिवकाळात चित्र पालटलं. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना महाराजांनी कांचनबारीजवळ मोगल सरदार दाऊदखानाला हरवलं, त्याच सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी त्र्यंबक घेतला, आणि १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आला. पुढच्याच वर्षी साल्हेरच्या पायथ्याला मोरोपंत आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांचा मोकळ्या मैदानात पराभव केला. सूर्यराव काकडे तिथेच पडले.

तेव्हा उत्तर असं: कोरले अनेक पिढ्यांनी, आणि त्यांचं चीज केलं मराठ्यांनी.

हरिहरच्या पायऱ्या खरंच इतक्या उभ्या आहेत का?

आहेत. फोटो बघून खोटं वाटतं, समोर उभं राहिल्यावर फोटो कमी वाटतो.

निरगुडपाड्यातून निघालं की तासा-दीड तासाने सोंडेवर पोहोचतो आणि समोर तो जिना येतो. शिडी भिंतीला टेकवून ठेवावी तसा. १८१८ मध्ये इथे आलेल्या इंग्रज कॅप्टन ब्रिग्जलाही शिडीचीच उपमा सुचली. त्याने लिहून ठेवलं की हा उभेपणा शब्दांत सांगता येत नाही. शंभराहून जास्त पायऱ्या, रुंदी एका माणसापुरती. प्रत्येक पायरीच्या कडेला बोटं अडकवायला खोबणी केल्या आहेत. त्यात हात घातला की आत गुळगुळीत लागतं. इतक्या पिढ्यांचे हात त्याच जागी पडले आहेत. पायऱ्याही मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, पावसाचं पाणी त्यांत साचतं.

आता लढाईच्या बाजूने बघा. चढणाऱ्याचे दोन्ही हात खोबणीत, म्हणजे ढाल-तलवार पाठीला. एकामागे एकच माणूस. वरच्या दरवाजात उभ्या असलेल्या एका पहारेकऱ्याने नुसता धोंडा सोडला तरी रांग खाली. दरवाजा ओलांडला तरी सुटका नाही: पुढे कातळात आडवी खोदलेली वाट, डोक्यावर कडा इतका खाली की वाकूनच जावं लागतं, एका बाजूला दरी. तिथून पुन्हा पायऱ्या, या वेळी दोन भिंतींमधल्या चिमणीसारख्या फटीतून. शत्रू जिथे जिथे सरळ उभा राहू शकला असता तिथे तिथे त्याला वाकवलं आहे. कागदावर आराखडा काढून हे सुचत नाही. कड्यावर दोर लावून लोंबकळलेल्या माणसालाच सुचतं.

उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे, शिडी उतरतो तसं. पायथ्याला ताक विकणाऱ्या एका मावशींनी मला सांगितलेलं अजून कुणालाही सांगतो: ‘जाताना खाली बघू नका, येताना माणसांकडं बघू नका, पायरीकडं बघा.’ पिशवीत खाऊ उघडा ठेवू नका. माकडं पायऱ्यांवरच अंगावर येतात आणि तिथे दचकणं परवडत नाही.

वर इतकी टाकी कशासाठी? पाऊस तर धो धो पडतो.

पडतो चार महिने, आणि कातळावरून वाहून जातो. दिवाळीनंतर गडावर पाण्याचा थेंब साठवलेलाच.

एक हिशेब करून बघा. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर खोल असं टाकं म्हणजे साठ घनमीटर, साठ हजार लिटर. गडावर पन्नास माणसं, माणशी रोज पाच लिटर, म्हणजे दिवसाला अडीचशे लिटर. साठ हजार लिटर दोनशे चाळीस दिवस पुरतं, आठ महिने. नेमका पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा काळ. उन्हाने उडणारं पाणी, जनावरं, स्वयंपाक धरला तर एक टाकं पुरायचं नाही, म्हणून ओळीने खोदायची. आणि एवढ्या एका टाक्यासाठी सुमारे १७० टन दगड हाताने फोडून बाहेर काढावा लागतो.

खांबटाकं हा त्यातला सर्वांत हुशार प्रकार. वरचा कातळ छतासारखा ठेवून आत पोखरत जायचं, मध्ये आधाराला खांब सोडायचे. आत ऊन जात नाही, पाणी उडत नाही, शेवाळ कमी, आणि चैत्र-वैशाखातही हात घातला की थंडगार. काही टाक्यांच्या वर कातळात बोटभर रुंदीची चर काढलेली दिसते. ती उतारावरचं पाणी टाक्याकडे वळवण्यासाठी. बऱ्याच ठिकाणी पहिल्या टाक्यात गाळ बसतो आणि निवळलेलं पाणी पुढच्यात उतरतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी बघा असं बजावलं आहे. नसेल आणि जागा तर हवीच असेल तर खडक फोडून टाकी करा, आणि झरा असला तरी त्याच्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी वेढे सोसले होते.

रामशेजला जाऊन हे आठवतं. नाशिकपासून जेमतेम पंधरा किलोमीटर, आशेवाडीच्या डोक्यावरचा बुटका गड. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि संभाजी महाराजांच्या मावळ्यांनी तो पाच वर्षांहून जास्त झुंजवला. लाकडाच्या तोफांना कातडं मढवून वापरल्याचं मोगलांच्या बाजूच्या इतिहासकार खाफीखानानेच नोंदवलं आहे. शौर्याच्या गोष्टी सगळे सांगतात. मी माणसांना आधी तिथली टाकी दाखवतो.

ते पाणी प्यावं का?

गाववाले पितात ते टाकं विचारून घ्या. तेही गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून. टाक्यात पोहू नका, साबण लावू नका. खालच्या वाडीतल्या गुराख्याचं दुपारचं पाणी तेच असतं.

किल्ल्यावर लेणी कशी काय?

अनकाई-टंकाईला गेलात की हा प्रश्न पडतोच. टंकाईच्या पायथ्याला जैन लेणी आहेत, दुमजली, दरवाज्यांच्या चौकटींवर बारीक नक्षी. अनकाईच्या वाटेवर ब्राह्मणी लेणी आहेत, काही अर्धवट सोडलेली, आणि माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान. व्यापारी वाट, तिच्याकडेला मठ-लेणी, आणि त्याच खिंडीवर नजर ठेवायला किल्ला. एकाच रस्त्याने तिन्ही गोष्टी पोसल्या. अर्धवट लेणी नक्की बघा. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागिराची युक्ती लपते, अर्धवट लेण्यात ती उघडी दिसते: कुठून सुरुवात केली, खांबासाठी किती दगड राखला, कुठे हात थांबला.

एवढा बळकट अनकाई १६३५ मध्ये शहाजहानच्या सरदाराने किल्लेदाराला पैसे चारून घेतला. कातळाला फितूर करता येत नाही, माणसाला करता येतं.

अलंग-मदनच्या पायऱ्या मध्येच का तुटल्या आहेत?

इंग्रजांनी तोडल्या. १८१८ मध्ये मॅकडोवेलच्या फौजेने राजधेर, त्र्यंबक घेतले आणि बाकीचे गड पाठोपाठ हातात गेले. पुन्हा कुणी बंडाला उभं राहू नये म्हणून त्यांनी ठिकठिकाणी वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, टाकी-तट बिघडवले. त्यांना नेमकं कळलं होतं की किल्ल्याचा जीव कुठे आहे. अलंग आणि मदनवर आज दोर, हार्नेस आणि जाणकार माणूस असल्याशिवाय जाऊ नका. शेजारच्या कुलंगची वाट चढायला दमवते, पण जाता येते. हरिहरचा जिना मात्र त्या धुमाळीतून शाबूत वाचला, हे आपलं नशीब.

जगात इतरत्र असे किल्ले आहेत का?

आहेत, पण त्यांचा दगड वेगळा. फ्रान्सच्या आल्सास भागातला फ्लेकेनश्टाइन आणि चेक देशातला स्लूप हे वाळूच्या दगडात कोरलेले. तुर्कस्तानातला उचिसार ज्वालामुखीच्या राखेच्या दगडात. तो दगड नरम, त्यामुळे दालनांवर दालनं कोरता आली. आपला काळा पाषाण तसा वश होत नाही. म्हणून आपल्या गडांवर टाकी चालली ती नेमक्या जागी: जिना, दार, पाणी. घरी बघायचं तर देवगिरी बघा. तिथे डोंगराचा कडाच चहूबाजूंनी तासून उभा केला, भोवती कातळात खंदक खणला आणि वर जायला काळोखी भुयारी वाट ठेवली.

घरच्यांना, लहान मुलांना घेऊन कुठे जाऊ?

रामशेज. सकाळी निघून जेवायला घरी. त्यानंतर अनकाई. साल्हेरला जायचं तर तब्येत तयार करून जा. १५६७ मीटर, राज्यात कळसूबाईनंतर हेच शिखर, आणि किल्ल्यांत सर्वांत उंच. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यांत नाशिक जिल्ह्यातला हा एक. दरवाज्यांची रांग, कातळातल्या पायऱ्या, गंगासागर तलाव आणि टोकावर परशुरामाचं मंदिर. हरिहरला दहा-बारा वर्षांच्या आतलं पोर नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात जाऊ का?

नको, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. भर पावसात, त्यातही शनिवार-रविवारी, हरिहरच्या जिन्यावर वरची रांग आणि खालची रांग एकमेकांत अडकते. शेवाळलेल्या पायरीवर तासभर उभं राहणं जीवावर बेतू शकतं. वनविभाग गर्दीच्या दिवसांत निर्बंध घालतो, निघण्याआधी चौकशी करा. उन्हाळ्याकडे झुकताना कड्यांना आग्या मोहोळ असतं: धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको.

आम्हाला एखादं टाकं साफ करायचं आहे. कसं करू?

आधी गड कुणाच्या ताब्यात आहे ते बघून पुरातत्त्व किंवा वनविभागाची लेखी परवानगी, मग गावाशी बोलणं. पहार आणि कुदळ शेवटचा हातभर गाळ उरला की बाजूला ठेवा. लोखंडाचा एक घाव जुनी खूण कायमची पुसतो. गाळात खापरं, कोरीव दगड निघाले तर ते तिथेच ठेवून कळवा. आणि सिमेंट कुठेही नको. एका गडावर हौसेने लावलेला गिलावा दोन पावसाळ्यांत सुटला, आणि निघताना जुन्या कातळाचा पापुद्रा घेऊन गेला, हे मी पाहिलं आहे.

दगडावर नाव लिहिलं तर काय होतं?

केंद्राच्या संरक्षित स्मारकावर लिहिलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

टाकीचे घाव कसे ओळखायचे?

सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. डोक्यावरच्या उन्हात भिंत सपाट दिसते. तिरप्या उन्हात प्रत्येक घावाला सावली पडते. एकमेकांना समांतर, तिरक्या, वीतभर लांबीच्या रेघा दिसतील. काही टाक्यांत एका कोपऱ्यात रेघा एका बाजूला झुकतात आणि समोरच्या कोपऱ्यात उलट बाजूला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही वीस जणांनी साखळी करून घमेल्यांनी एक टाकं उपसलं. दोन दिवस नुसता चिखल, प्लास्टिकच्या बाटल्या, एक चप्पल. तिसऱ्या दिवशी दुपारी तळ लागला. हाताने गाळ पुसला तर खाली घाव इतके ताजे की बोटाला खरखर लागली. वर वाऱ्यापावसाने सगळं गुळगुळीत केलेलं आणि इथे गाळाने जपून ठेवलेलं. एका ठिकाणी रेघा सरळ येत होत्या आणि मध्येच दगडात एक कठीण गाठ होती. तिच्याभोवती बारीक-बारीक, जवळजवळ, वीस-पंचवीस घाव होते. गाठ फुटली नव्हती. कारागिराने ती तशीच ठेवून तळ तिच्या बाजूने पुढे नेला होता. आमच्यातला एक पोरगा, एरवी सतत बोलणारा, त्या गाठीवर हात ठेवून बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. मग कुणीतरी वरून हाक मारली, ऊन उतरायला लागलं होतं.